देवाघर नावाचं गाव

अहो, भुतांवर तुमचा विश्वास नव्हता ना? मग ऑफिस सुटायच्या वेळेला आपल्या बोळात सायकलचं स्टँड कोण लावतं, ते सांगा आधी. खट्. अगदी तसंच, डाव्या पायाने, जरा रागावल्यासारखं. मी हातातलं काम टाकून दाराकडे बघते. तुमची सायकल जिन्याखाली तिथेच उभी आहे, हवा गेलेली, सीटवर धूळ. बोळात कोणी नाही. आधी वाटलं, शेजारच्या जीजींकडे कोणी आलं असेल. मग वाटलं, माझेच कान वाजतात. पण परवा त्याच वेळी पाटी घेऊन बसलेल्या कुसुमनेही मान वर केली. आम्ही मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं.

गंमत बघा, दर हिवाळ्यात तुम्ही ग्वाल्हेरला असायचात तेव्हा हे कधी ऐकू आलं नाही. तुमची तार आल्यापासून येतं. 'तुमची तार' म्हणते मी, जशी काही तुम्हीच जाऊन पाठवलीत.

मध्य भारताचं सरकार म्हणजे सर्कस आहे, हे तुमचंच वाक्य. उन्हाळ्यात तंबू इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. दोन्ही शहरांना राजधानी हवी, म्हणून फायलींनी वर्षातून दोनदा प्रवास करायचा आणि फायलींमागे तुम्ही कारकुनांनी. दसरा झाला की तुमचा होल्डॉल माळ्यावरून खाली यायचा. चैत्रात उन्हं तापली की तुम्ही परत. आम्ही बायका नळावर एकमेकींना विचारायचो, 'यंदा ऑफिस कधी येणार?' नवरा कधी येणार असं विचारायची लाज, म्हणून ऑफिस. कुसुमनेही तेच उचललं. तिच्या लेखी जगाची रीतच ती: थंडी पडली की बाबा आणि ऑफिस ग्वाल्हेरला जातात, कैऱ्या आल्या की दोघं परत येतात.

यंदा माघात तुमच्या छातीत कफ भरला. तुमच्या खोलीतले जोडीदार नाईकजी तुम्हाला इस्पितळात घेऊन गेले, आणि आम्हाला तार आली ती थेट शेवटचीच. तुमचे थोरले भाऊ, आपले अण्णा, मिळेल त्या गाडीने धावले. पोचले तोवर ऑफिसच्या लोकांनी सगळं उरकलं होतं, थांबण्यासारखं नव्हतं म्हणे. म्हणजे मी तुमचं तोंड शेवटचं पाहिलं ते दाराशी, टांग्यात बसताना. तेही टांगेवाल्याशी हुज्जत घालणारं. तुम्ही गेलात ते ग्वाल्हेरलाच गेलात, माझ्या डोळ्यांनी तर एवढंच पाहिलंय. पुढचं सगळं लोकांनी सांगितलेलं.

माझ्यामागे काही करायचं नाही, असं तुम्ही सांगून ठेवलं होतंत. पण कोणाला? मला! आणि माझं इथे कोण ऐकतं? दिवसकार्य सगळं यथासांग झालं. दहाव्याला कावळा लगेच शिवला म्हणून अण्णांना केवढं बरं वाटलं, 'काही इच्छा राहिली नाही त्याची' म्हणाले. मी मनात म्हटलं, कावळा यांच्यावरच गेलेला दिसतो, पान वाढलं की थांबवत नाही. आणि मग तोंडात पदर कोंबून इतकी रडले की बायकांना वाटलं, आता ही शुद्ध हरपते.

माझं कपाळ पुसलं. तुम्ही कुंकू लाव असा आग्रह कधी केला नव्हतात, पुसायचाही केला नसतात. त्या वेळी तुमची फार आठवण आली. राग आला म्हणते मी, आठवण कसली. सगळं घर उलटंपालटं करून ठेवलंत आणि ऐन वेळेला माझ्या बाजूने बोलायला हजर नाही.

आपल्या पहिल्या मुलाच्या वेळी होतात. घटसर्पाने घसा आवळत गेला पोराचा. तोवर अंगारे झाले, नवस झाले, आणि डॉक्टर आला तेव्हा त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंगणात बसलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, 'देवाला आवडला हो.' तुम्ही बाहेर आलात. आयुष्यात कधी मोठ्याने न बोललेला माणूस, सगळ्यांदेखत म्हणालात, 'दुसऱ्याचं मूल आवडलं म्हणून उचलून नेणाऱ्याला आपण काय म्हणतो? असला देव माझ्या घरात नको.' सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. आठवडाभरात तुम्ही आपले देव, देव्हाऱ्यासकट, जुन्या इंदूरला अण्णांकडे पोचते केलेत. मी अडवलं नाही. त्या दिवसांत मलाही देवाचं तोंड बघवत नव्हतं. पण हे खूळ यांच्या डोक्यात कुठून आलं असं लोक विचारतात, त्याचं उत्तर मी आज देऊन टाकते: तुमचं बंड हे पुस्तकं वाचून आलेलं नव्हतं. अंगणातल्या बायकांच्या एका वाक्याने आलं होतं, आणि ते वाक्य चुकीचंच होतं.

मग कुसुम झाली. देवाचं नाव नको हा तुमचा हट्ट. मी एकेक सुचवायची, तुम्ही एकेक कापायचात. उमा नको, ती पार्वती. वीणा नको, ती सरस्वतीच्या मांडीवर. शेवटी कुसुम. 'फूल कोणाच्या बापाचं नसतं,' म्हणालात. मी म्हटलं, 'आणि वाहतात कोणाला?' तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. उत्तर सुचलं नाही की चष्मा पुसायचा, ही जुनी खोड.

माझी माहेरची अन्नपूर्णा तेवढी मी तांदळाच्या डब्यात ठेवली होती. तुम्हाला ठाऊक होतं. 'राहू दे तिथे, तांदूळ तरी राखेल,' म्हणायचात. एकदा कुसुमने ती शोधून काढली, भातुकलीत पाटावर बसवली आणि तिच्यापुढे चुरमुरे वाढले. 'डब्यात कोंडलेली होती बिचारी, भूक लागून राहिली होती तिला.' मी 'अगं अगं' करत धावले, तुम्ही माझा हात धरलात. 'आजवर सगळे हिच्याकडे मागतच आले. पहिल्यांदा कोणीतरी हिला जेवायला घालतंय, घालू दे.' मी चिडले, पण हसूही आलं मला.

शाळेत घातली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती रडवेली होऊन आली. प्रार्थनेला सगळ्या मुली डोळे मिटतात, मी काय करू? तुम्ही म्हणालात, 'तू उघडे ठेव आणि बघ, आणखी कोण कोण उघडे ठेवतं.' दुसऱ्या दिवशी उड्या मारत आली, 'बाबा, बाई पण उघडे ठेवतात!' तुम्ही केवढे खूश! मी मात्र आतून धसकले. अहो, सगळ्या जगाने डोळे मिटलेले आणि आपली एवढीशी पोर एकटी टक्क उघड्या डोळ्यांनी उभी. मी तुम्हाला म्हटलंही, 'तुम्ही देव काढून घेतलात ते घेतलंत, त्या जागी काय ठेवलंत?' तुम्ही म्हणालात, 'माणसं.' मी म्हटलं, 'माणसं काय कामाची? ती सगळी डोळे मिटून बसलीयत.' हे भांडण आपण किती उन्हाळे पुरवून पुरवून खाल्लं. तुम्ही ग्वाल्हेरहून आलात की आदल्या वर्षी जिथे सोडलं तिथून सुरू. एक सांगते, त्या भांडणाइतकं आता दुसरं काही आठवून राहिलं नाही मला.

आणि तुमचा तो नियम. पोरीशी खोटं बोलायचं नाही. बागुलबुवा नाही, 'देवबाप्पा कान कापेल' नाही. आपल्या भिंतीवरच्या फोटोमागच्या घरट्यातून चिमणीचं पिल्लू पडलं तेव्हा मी ते पटकन कागदात गुंडाळायला गेले. तुम्ही थांबवलंत. तळहातावर घेऊन कुसुमला दाखवलंत. 'मेलं,' म्हणालात. 'म्हणजे?' 'म्हणजे आता ते हलणार नाही. त्याला भूक लागणार नाही, थंडी वाजणार नाही, दुखणार नाही. ते आपली वाटही बघणार नाही.' तिने बोट लावून पाहिलं. दोघांनी मिळून त्याला तगरीखाली पुरलं. ती थोडी रडली, जेवली आणि झोपली. मी म्हटलं, अवघड गोष्ट किती सोपी करून टाकली या माणसाने.

सोपी! चिमणीसाठी सोपी. यंदा दसऱ्यानंतर तुम्ही निघालात त्या दिवशी मी होल्डॉलचे पट्टे आवळताना सहज म्हणून विचारलं होतं, 'उद्या आपल्यातलं कोणी गेलं तर या पोरीला काय सांगायचं?' तुम्ही म्हणालात, 'खरं.' मी म्हटलं, 'हो, पण कोणत्या शब्दात?' तेवढ्यात टांगेवाल्याने घंटी वाजवली. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि गेलात.

बघा ना, आपली भाषा कशी आहे ती. माझ्या तोंडात 'मेलं' दिवसभर असतं. मेलं दूध उतू गेलं, मेला नळ गेला, कुठे मेला तो धोबी. मांजर मेलं, झाड मेलं, चिमणी मेली. पण तुमच्यासाठी तो शब्द कोण काढणार? मानाच्या माणसाला तो शब्द नसतोच. मानाची माणसं वारतात, जातात, त्यांना देवाज्ञा होते. तार आली त्या दिवशी घरभर माणसं होती आणि प्रत्येकाने कुसुमला पोटाशी धरून तेच सांगितलं: 'बाळ, बाबा देवाघरी गेले हो.' जीजींनी आपल्या भाषेत, 'बिटिया, तेरे बाबूजी भगवान के घर गए.' शाळेच्या बाईंनी तेच. मी भिंतीला टेकून ऐकत होते. तुम्ही तिला शिकवलेला एकच शब्द होता, आणि तो शब्द सोडून बाकी सगळे शब्द तिच्या कानावर गेले.

दुसऱ्यांच्या घरांतली पोरं हे ऐकतात आणि विसरतात. त्यांना माहीत असतं, ही मोठ्यांची बोलायची रीत. आपलीला कुठलं माहीत? तिला देवाघर म्हणजे ग्वाल्हेरसारखं गाव. मला विचारलंन, 'देवाघर ग्वाल्हेरच्या अलीकडे की पलीकडे?' मी म्हटलं, 'पलीकडे.' काय बोलणार होते मी! 'गाडी जाते?' मी चुलीत फुंकर घालत राहिले. धूर डोळ्यांत गेला, बरं झालं.

एके दुपारी जीजी तणतणत आल्या. 'बैन, तुम्हारी बिटिया ने तो भगवान के पट खोल दिए, सोते में!' त्यांच्या भिंतीतल्या कोनाड्यात छोटं लाकडी देऊळ आहे, दुपारी त्याची दारं लावून देवांना झोपवतात. कुसुमने ती उघडली होती, आणि मान आत घालून बघत होती. मी तिला हाताला धरून आणली. 'काय करत होतीस तिथे?' म्हणाली, 'देवाचं घर आहे ना ते? बाबा आहेत का बघत होते. पण ते फार लहान आहे गं, त्यात बाबांचे पाय मावणार नाहीत.'

मी काय करायला हवं होतं ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं. शब्द जिभेवर आला. तिथून तो पुढे सरकेना. अहो, नवऱ्याबद्दल असा शब्द बाईच्या तोंडून म्हणजे शिवी. आणि खरं सांगू का, नुसती लाज नव्हती. मी तो शब्द उच्चारला की बोळातलं ते स्टँड वाजायचं थांबेल, ही भीती होती. भुताची भीती लोकांना वाटते. मला भूत जाईल याची वाटत होती.

पोर मग जुन्या इंदूरला अण्णांकडे गेली तिथेही देवांपुढे बसली. तिथला देव्हारा मोठा, आणि त्यात आपलेही देव, म्हणून तिला जास्त आशा. सकाळपासून तिथून हलेना. सासूबाईंना कोण आनंद! माणसं पाठवून मला बोलावून घेतलंन. 'बघ, बघ! कोणी सांगितलं नाही, आपणहून बसलीय. शेवटी रक्तातच आहे, जातं कुठे!' मी तिच्याजवळ वाकले. ती माझ्या कानात म्हणाली, 'आई, बाबांना तर देव आवडत नाही. मग त्यांच्या घरी ते कसे राहत असतील? भांडत असतील का?'

त्याच दिवशी अण्णांनी विषय काढला. अण्णा वाईट नाहीत हो, तुम्हीही म्हणायचात. ते म्हणाले, 'कुसुमला आमच्याकडे राहू दे. तू शिवणकाम शिक, पायावर उभी राहा. इथे चार माणसांत वाढेल, चार संस्कार होतील. आमच्या भावाने जे केलं ते केलं, आता त्या पोरीला असं उघड्यावर कशाला ठेवायचं?' मी 'बघू' म्हटलं. आपल्या घरात 'बघू' म्हणजे अर्धं हो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी एकटी पडले होते, थकले होते. वाटलं, होऊ दे तिलाही सगळ्यांसारखी, मिटू दे डोळे. उघडे ठेवून मला काय मिळालं?

आणि काल ऑफिस आलं.

सकाळपासून बोळात धावपळ. जिच्या-तिच्या दाराशी टांगे, ट्रंका, पोरांचा गलका. कुसुमने स्वतःच्या हाताने वेणी घातली, वाकडी, आणि पायरीवर जाऊन बसली. मी आत ये म्हटलं, आली नाही. अण्णा आणि सासूबाई आले होते, तिला न्यायला. तेवढ्यात नाईकजींचा टांगा थांबला. टांगेवाला ओरडला, 'भिया, ये पेटी किधर रक्खूं?' तुमची ट्रंक, तुमचा होल्डॉल. कुसुम टांग्याच्या मागून पुढून फिरली. खाली वाकून चाकांमधून पलीकडेसुद्धा बघितलंन.

'नाईककाका, बाबा नाही उतरले?'

नाईकजींचा चेहरा बघवेना. 'बेटा, ते देवाघरी...'

'हो, पण ऑफिस तर आलं!'

बोळातली सगळी माणसं जागच्या जागी थांबली. नाईकजींनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. सासूबाई पुढे झाल्या, तिला उचलून आत घेऊन आल्या, मांडीवर घेतलंन. 'रडू नको बाळ. चल आमच्याकडे. रोज समई लावून देवापुढे बसू. डोळे मिटून बसलं ना, की दिसतात बाबा.'

'खरंच दिसतात?'

'मला दिसतो गं,' सासूबाई म्हणाल्या. 'रोज दिसतो.'

आणि त्या खोटं बोलत नव्हत्या, अहो. त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं. मला तुमची सायकल ऐकू येते, त्यांना तुम्ही समईच्या उजेडात दिसता. म्हातारीचं पोर गेलंय, ती तरी काय करेल?

कुसुम मांडीवरून उतरली, आतल्या खोलीत गेली आणि आपले झगे टॉवेलात बांधायला लागली. मी दारात उभी राहून बघत होते. तिला गाठ मारता येत नव्हती. केवढी घाई चालली होती तिची! कोंडलेल्या बाबांना सोडवायला निघाली होती ती. डोळे मिटून बसायला शिकणार होती. रोज बसणार, रोज दिसणार नाहीत, आणि एक दिवस ती दिसले म्हणायला लागणार. आजीला बरं वाटावं म्हणून म्हणेल, मग तिचं तिलाच खरं वाटेल. तिचं सगळं आयुष्य माझ्यापुढून गेल्यासारखं झालं. मनात म्हटलं, देव मान, नको मानू, मोठी झालीस की तुझं तू बघ. पण बापाला हुडकत देव्हाऱ्यांतून फिरू नकोस, पोरी.

मी खाली बसले. गाठ सोडली.

'कुसुम, बाबा देवाघरी नाहीत.'

'मग?'

'बाबा मेले.'

बाहेरून सासूबाईंची किंकाळी आली. 'अगं काय बोलतेस! जीभ झडेल! माझ्या लेकाला...' आणि पुढचे शब्द फुटलेच नाहीत. इतक्या दिवसांत त्या पदर डोळ्यांना लावून, रीतीने रडत होत्या. काल त्या जमिनीवर लोळल्या. अण्णा त्यांना धरायला गेले आणि स्वतःच भिंतीशी बसले.

कुसुम माझ्याकडे बघत होती. तुमचे डोळे आहेत ते, ठाऊक आहे ना, एकदा रोखले की हलत नाहीत.

'चिमणीच्या पिल्लासारखे?'

'हो.'

'त्यांना आता थंडी नाही वाजत?'

'नाही.'

'आणि ते कोणाच्या घरी नाहीत? भांडत नाहीत?'

'नाही बाळ. कुठेच नाहीत.'

'आपली वाट नाही बघत?'

मला वाटलं नव्हतं हे मला म्हणता येईल. 'नाही,' मी म्हटलं.

ती रडली. तुम्हाला खोटं नाही सांगत, चिमणीसारखं थोडंसं नाही, फार रडली. माझा खांदा ओला झाला, माझ्या केसांना धरून रडली. पण ते रडणं वेगळं होतं. इतके दिवस ती रडत नव्हतीच. शोधत होती. अण्णा दाराशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवलान आणि उघडा पडलेला टॉवेल नीट घडी करून खुंटीवर टाकला. न्यायचं काही बोलले नाहीत. आज सकाळी निरोप पाठवलाय, शिवणाचा क्लास आपल्या घराजवळच बघतो म्हणून.

रडून थकल्यावर ती माझ्या मांडीत तशीच पडून होती. बाहेर सासूबाईंचे हुंदके चालूच होते. कुसुम ते ऐकत राहिली, मग डोकं वर करून हळूच म्हणाली, 'आजीला माहीतच नव्हतं गं. तिला पण आत्ताच कळलं.'

मी तिची वाकडी वेणी सोडायला घेतली.

तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

'आई, तुला कधी कळलं?'

'आत्ता,' मी म्हटलं. 'तुझ्याबरोबरच.'